खिजगणती

हॉटेल पगार देतं
आणि नोटा सुटायच्या आधीच
त्यातलं छपराचं भाडं काढून घेतं.
चिठ्ठीवर एवढंच छापलेलं: निवास, वजा.
एकवीस वर्षं भांडी घासतोय,
त्या ‘वजा’शी माझं भांडण नाही.

घर हॉटेलच्या मागे, उतारावर,
स्कारबरोच्या त्या बाजूला जिथे
समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो.
खोल्या चार, न्हाणीघर एक,
बॉयलरला मूड असतो.
करारावर चौघांच्या सह्या,
भाडं चौघांचं सारखं.

मी विल्फ गार्साइड, वय अठ्ठावन्न.
नेरिस वेल्सची, भूगर्भशास्त्र शिकते,
खिशातून दगड काढून सिंकमध्ये धुते.
टॅव्हिश रात्री बार सांभाळतो, सकाळी झोपतो लेक्चरमध्ये.
आणि केरेन्सा, जी कधीच घरी नसते
पण तिचं दही कायम असतं.

एप्रिलात नगरपालिकेचं पाकीट आलं.
कौन्सिल टॅक्स. वर नाव एकट्या माझं.
मी म्हटलं, काहीतरी चुकलंय.
नेरिसने चहा बाजूला ठेवून
शेवटपर्यंत वाचलं, मागची बारीक अक्षरंसुद्धा.
‘चूक नाही, विल्फ.
पूर्णवेळ विद्यार्थी मोजत नाहीत.
या घरात, त्यांच्या लेखी, माणूस एकच.
म्हणून पाव सूट आहे बघ.
उरलेलं तुझं.’

मी तिच्याकडे पाहिलं,
तिच्या ओल्या मोज्यांकडे, हीटरवर वाळणाऱ्या,
न मोजलेल्या.
आयुष्यभर मीच खिजगणतीत नव्हतो.
शाळेत, बोटीवर, लिंडाच्या भावांमध्ये.
आणि आता मोजलं,
तर असं.

फ्रिजवर तिघांची प्रमाणपत्रं लागली,
विद्यापीठाचा शिक्का, खेकड्याचं चुंबक.
केरेन्साने एक बिस्किटांचा डबा ठेवला,
वर मार्करने लिहिलं: विल्फचा कर.
तिने वीस टाकले. नेरिसने दर शुक्रवारी, जे असेल ते.
टॅव्हिश म्हणाला, कायद्याने मी देणं लागत नाही.
खरंच लागत नाही.
मी म्हटलं, बरोबर आहे पोरा,
आणि त्याच्या प्लेटा जरा जोरात रचल्या.

हिवाळ्यात मी मनाशी ठरवून पाहिलं:
आपणही विद्यार्थी व्हावं.
कॉलेजात सुतारकाम शिकवतात, पूर्णवेळ.
फॉर्म आणला. ‘पूर्वीचं शिक्षण’ इथे पेन अडला.
फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे,
लिंबू पिळायच्या यंत्राखाली.

फेब्रुवारीत बॉयलर मेला, चार दिवस.
आम्ही सगळे स्वयंपाकघरात,
ओव्हन उघडा ठेवून, चार ब्लँकेटं.
टॅव्हिश त्याच्या आजोबांबद्दल बोलला,
मासळीच्या घाऊक बाजारात हिशेब ठेवायचे,
मेलेले मासे एक एक करून.
दुसऱ्या दिवशी डब्यात पन्नासची नोट होती.
मी कुणाला विचारलं नाही.
त्यानेही विचारलं नाही, कळलं का ते.

जूनमध्ये गेले तिघेही.
नेरिसने मला एक दगड दिला,
म्हणाली, वीस कोटी वर्षांचा,
नगरपालिकेला सांगू नकोस.
खोल्या रिकाम्या. नवी पोरं येतील सप्टेंबरात,
असं हॉटेल म्हणतं.

काल पुन्हा फॉर्म आला.
घरात सध्या करासाठी मोजण्याजोगे प्रौढ किती?
मी लिहिलं: एक.
गेल्या वर्षीचा कागद काढून शेजारी ठेवला.
तिथेही एक.
सूटसुद्धा तेवढीच, पावच.

त्यांच्या लेखी इथून कुणी गेलेलंच नाही.

केरेन्साचं दही मी आज फेकलं.
डबा ठेवलाय.